‘ब्रेकला मी पायच लावत नाही’ : अठ्ठावीस हजार किलोमीटरांत संपलेल्या मागच्या पॅडचं प्रकरण

गाडी तीन वर्षांची. जर्मन बनावटीची सात आसनी डिझेल एसयूव्ही, ऑटोमॅटिक. रिकामी गाडी सव्वादोन टनांच्या आसपास, माणसं-सामान-डिझेल धरलं की अडीच टन. मीटरवर २८,००० किलोमीटर. मालक पुण्यात बाणेरला राहतात, गाडी चालवायला ड्रायव्हर आहे आणि दिवेआगरला घर असल्यामुळे ताम्हिणीतून खाली-वर हा गाडीचा नेहमीचा रस्ता. तक्रार अशी की ब्रेक लागला की मागून डाव्या बाजूने लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कर्र आवाज येतो. डॅशबोर्डवर मात्र ब्रेकचा एकही दिवा पेटलेला नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने चारही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या), चारही चाकांचे पॅड (त्या तबकडीला आत-बाहेरून आवळून गाडी थांबवणाऱ्या जाड पट्ट्या), सेन्सर आणि मजुरी धरून दोन लाखांच्या घरातलं एस्टिमेट दिलं होतं. तो कागद घेऊन मालक आमच्या वर्कशॉपमध्ये आले. रागावलेले नव्हते, पण कोड्यात पडले होते. ‘आधीची सेडान पहिल्या पॅडवर साठ हजार गेली. हिची किंमत तिच्या तिप्पट. मग हिचे ब्रेक निम्म्यातच कसे संपले?’

महाग गाडीचे ब्रेक जास्त टिकणार, हा समज फार लोकांचा असतो. ब्रेकला गाडीची किंमत कळत नाही, वजन कळतं. अडीच टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची म्हणजे साडेनऊ लाख ज्यूलच्या वर ऊर्जेची उष्णता करून ती हवेत सोडायची. चौदाशे किलोच्या भरलेल्या सेडानला हाच आकडा साडेपाच लाखांच्या आत राहतो. एसयूव्हीची डिस्क मोठी, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) मोठं, पॅडचं क्षेत्रफळही जास्त असतं. पण हे सगळं वाढीव सामान वाढलेलं वजन पेलण्यात आणि दोनशेच्या वेगावरून सुरक्षित थांबण्यात खर्ची पडतं. आयुष्य वाढवायला त्यातलं फारसं उरत नाही. त्यात युरोपियन गाड्यांचं पॅड सहसा धातूमिश्रित, चांगली पकड देणारं असतं. ते स्वतः झिजतं आणि डिस्कलाही झिजवतं. पुढच्या चाकांवर चार दिवसांत जमणारी काळी पूड म्हणजे हीच झीज.

मालकांना एवढं सांगून मी एस्टिमेटचा कागद बाजूला ठेवला. मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता.

लिफ्टवर काय दिसलं

चाकं काढली. पुढची जोडी बघून वाटलं की एस्टिमेट अंमळ घाईत बनलंय. नवं असताना पुढच्या पॅडचं मटेरियल ११ मिलिमीटरच्या आसपास असतं. इथे दोन्ही बाजूंना, आत-बाहेर मिळून, सव्वासहा ते साडेसहा शिल्लक होतं. पुढची डिस्क नवी असते ३६ मिलिमीटर, किमान मर्यादा ३४.४, आणि मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजल्यावर कुठेही ३५.३ पेक्षा कमी भरली नाही. ही मर्यादा कुणाला विचारायची गरज नसते. ती डिस्कच्या हबवर (मधल्या भागावर) किंवा कडेवर कोरलेली असते. गंज ब्रशने साफ केला की दिसते. ग्राहकाने एस्टिमेट हातात आल्यावर पहिली गोष्ट विचारायची ती हीच : डिस्क किती भरली आणि तिच्यावर किमान किती लिहिलंय?

मागचं उजवं चाक : आतलं पॅड ४, बाहेरचं साडेचार. नवं असताना दहा. डिस्क २१.४, मर्यादा २०.४.

मागचं डावं चाक : बाहेरचं पॅड चक्क ७. आणि आतलं शून्य. मटेरियल पूर्ण संपून लोखंडी प्लेट डिस्कवर घासत होती. डिस्कची आतली बाजू नांगरल्यासारखी, नख अडकेल एवढे चर, आणि जाडी चरांच्या तळाशी मर्यादेच्या खाली.

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. तो म्हणाला, ‘साहेब, मागच्याच आठवड्यात टायरवाल्याने बॅटरी मारून बघितलं. म्हणाला, पॅड भरपूर आहेत.’

टायरवाला खोटं बोलला नव्हता. चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारली की दिसतं ते बाहेरचं पॅड, आणि ते खरंच भरपूर होतं. आतलं पॅड बघायला चाक उतरवावं लागतं, निदान गाडीखाली वाकून आरसा तरी धरावा लागतो.

दिवा का पेटला नाही, त्याचंही उत्तर इथेच आहे. पॅड सेन्सर म्हणजे पॅडमध्ये खोचलेलं वायरचं एक टोक. पॅड ठरावीक जाडीपर्यंत, साधारण तीन मिलिमीटरपर्यंत, उतरलं की ते टोक डिस्कला घासून तुटतं आणि दिवा लागतो. पण बऱ्याच गाड्यांत एका अॅक्सलला (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीला) एकच सेन्सर असतो. या गाडीत मागचा सेन्सर उजव्या चाकाच्या आतल्या पॅडला होता, आणि तिथे अजून ४ मिलिमीटर शिल्लक होतं. डाव्या चाकाची अवस्था त्याला कळणार कशी? काही गाड्या स्क्रीनवर ‘ब्रेक, अमुक हजार किलोमीटर शिल्लक’ असंही दाखवतात. तो हिशेब सेन्सर आणि गाडी कशी चालवली जाते यावरून मांडलेला अंदाज असतो. चारही चाकं एकसारखी झिजताहेत हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

पिन

मागचं कॅलिपर फ्लोटिंग प्रकारचं, म्हणजे पिस्टन फक्त आतल्या बाजूला. पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने अख्खं कॅलिपर दोन गाइड पिनांवर आत सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून आणतं. पिन अडकल्या तर कॅलिपर सरकत नाही, आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. सोडल्यावरही ते पॅड पुरतं मोकळं होत नाही.

डावीकडची खालची पिन हाताने हलेना. शेवटी पाना लावून फिरवत काढली. रबरी बूट फाटलेला, आत तपकिरी चिखल आणि त्या चिखलात बारीक वाळू. वाळू बोटावर चोळून बघितली आणि ड्रायव्हरकडे बघितलं. मालक चहाला गेल्यावर तो हळूच म्हणाला, ‘पुतणे आले होते मालकांचे. किनाऱ्यावर घेतली होती गाडी. मी नको म्हटलं होतं.’ वाळूतून आल्यावर गाडी प्रेशर पंपाने धुतली होती. खारं पाणी आणि वाळू धुऊन जाण्याऐवजी फाटलेल्या बुटातून आणखी आत गेली. वर हँडब्रेक लावून ओली गाडी दोन दिवस तशीच उभी.

कोकणात घर असलेल्यांच्या गाड्यांत हे दर पावसाळ्यानंतर दिसतं, एसयूव्ही असो की हॅचबॅक. पिना काढून साफ करणं आणि योग्य ग्रीस लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण सर्व्हिसच्या यादीत ते बहुधा ‘तपासणी’ या शब्दाखाली गडप होतं. आणि ग्रीस म्हणजे बेअरिंगचं पिवळं ग्रीस नव्हे. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं आणि पिन आणखी लवकर अडकते. इथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं.

इथवर आवाजाचं कारण सापडलं. प्रकरण इथे बंद करता आलं असतं, पण मालकांच्या मूळ प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नव्हतं. उजवी बाजू निरोगी होती. पिना मोकळ्या, बूट शाबूत. तरीही तिथलं पॅड २८,००० मध्ये सहा मिलिमीटर झिजलं होतं आणि पुढची पॅड त्याच्यापेक्षा कमी. शाळेतलं विज्ञान सांगतं की ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात आणि आधी संपतात. इथे उलटं झालं होतं.

‘उताराचं बटण’

ड्रायव्हरला विचारलं, घाटात ब्रेक कसा वापरता? तो जवळजवळ दुखावला. ‘ब्रेकला मी पायच लावत नाही, साहेब. क्रूझ लावतो. वळणं जवळ आली की उताराचं बटण दाबतो. गाडी आपोआप उतरते.’

आपोआप म्हणजे कोण उतरवतं? त्या बटणामागचं हिल डिसेंट कंट्रोल एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपाने ब्रेक दाबूनच वेग धरून ठेवतं. ते बटण खडकाळ, निसरड्या, मातीच्या उतारावर पायी चालण्याच्या वेगाने उतरण्यासाठी दिलेलं असतं, डांबरी घाटासाठी नाही. अॅडॅप्टिव्ह क्रूझही (वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप सांभाळणारी सोय) उतारावर वेग वाढायला लागला की ब्रेक लावतं. गिअरबॉक्स थोडी मदत करतो, पण भार ब्रेकवर येतो. पाय पेडलवर नाही, म्हणून माणसाला वाटतं ब्रेक लागलेला नाही.

आणि हे ब्रेकिंग हलकं, लांबलचक असतं. मागच्या पॅडचा काळ तो हाच. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि पुढची चाकं काम करतात. हलक्या ब्रेकला वजन फारसं सरकत नाही, म्हणून ब्रेकचं वाटप करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मागच्या चाकांना त्यांचा वाटा बिनदिक्कत देते. गाडी नाक खाली न घालता सपाट राहते आणि मागे बसलेल्यांना धक्का जाणवत नाही. लक्झरी गाडीत हा मऊपणाच तर विकलेला असतो. शिवाय ओल्या वळणावर गाडी सावरायला, एखादं चाक फिरायला लागलं की त्याला आवरायला स्टॅबिलिटी आणि ट्रॅक्शन कंट्रोलही ब्रेकच वापरतात. मागचं पॅड मुळात पातळ आणि लहान. सभ्यपणे चालवणाऱ्याचे मागचे पॅड आधी संपतात ते असे.

आता घाटाचा हिशेब. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, दिवेआगर समुद्रावर. अडीच टन एवढ्या उंचीवरून खाली आणायचे म्हणजे जवळजवळ १३७ लाख ज्यूल, विजेच्या भाषेत पावणेचार युनिट. ताशी १०० वरून चौदा वेळा पूर्ण थांबण्याइतकी ही उष्णता, आणि बहुतेक उतार घाटाच्या थोड्याशा टप्प्यात. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातला काही भाग खातो. उरलेलं इंजिनाने घ्यायचं की पॅडने, एवढाच निर्णय ड्रायव्हरच्या हातात असतो.

दुरुस्तीनंतर नवे पॅड बसल्यावर आम्ही एक सकाळ त्यासाठी दिली. पहिल्या फेरीला ड्रायव्हरने त्याच्या नेहमीच्या पद्धतीने गाडी उतरवली आणि मी माझ्या गाडीने मागे होतो. पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे वळणामागून वळण पेटलेलेच. खाली आल्यावर डिस्कवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला : मागे २३० अंशांच्या आसपास, पुढे १७०. दुसऱ्या फेरीला तोच टप्पा, तेच वजन, पण लिव्हर मॅन्युअलमध्ये आणि गाडी तिसऱ्या गिअरवर. वळणाआधी पेडलवर एक ठाम दाब आणि लगेच पाय वर. या वेळी मागे १२०, पुढे १३०. चकचकीत धातूवर हे उपकरण खरं तापमान कमीच दाखवतं, त्यामुळे आकड्यांना शब्दशः धरू नये. पण दोन फेऱ्यांमधला फरक पुरेसा बोलका होता.

ड्रायव्हर पूर्वी ट्रकवर होता. हे कळल्यावर मी चकितच झालो. मग त्याला गिअरवर उतरणं शिकवायची गरजच काय? त्याचं उत्तर असं : ‘ट्रक दुसऱ्यावर टाकूनच उतरवायचो. पण या गाडीला गिअर कुठे आहे?’ स्टिअरिंगमागचं डावं पॅडल दाबलं की गिअर खाली येतो, हे तीन वर्षांत त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. गाडी ताब्यात देताना अंबियंट लाइटचे रंग कसे बदलायचे ते मात्र दाखवलं होतं.

इको मोडचंही एक सांगायला हवं. काही गाड्यांत या मोडमध्ये अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो आणि गाडी मोकळी धावते. डिझेल वाचतं, इंजिनाचा आधार जातो. सपाट रस्त्यावर ठीक, उतारावर हा मोड नको. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने सुमारे ४८ गाड्यांना धडक दिली, तेव्हा प्राथमिक तपासात उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं पुढे आलं होतं. ट्रक आणि एसयूव्ही यांत फरक आहे, पण उताराचा नियम दोघांना एकच.

ब्रेक ऑइल

मालक बोलता बोलता म्हणाले होते की गेल्या मेमध्ये घाट उतरून आल्यावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेल्यासारखं वाटलं, चहा पिऊन निघालो तर ठीक. मला या सगळ्यात सर्वात गंभीर हे वाटलं. आवाजापेक्षाही.

तापून ब्रेक कमजोर होण्याचे दोन प्रकार असतात. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी मात्र थांबत नाही, तेव्हा पॅड तापलेलं असतं. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारं ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, किलोमीटर कितीही झालेले असोत. या गाडीत तीन वर्षांचं जुनं ऑइल होतं आणि टेस्टरने पाणी ३ टक्क्यांच्या वर दाखवलं. त्यात डाव्या चाकाला पॅडच उरलेलं नव्हतं. पॅडचं मटेरियल उष्णतेला अडवणारा थर असतो. तो गेला की डिस्कची धग थेट पिस्टनला आणि पिस्टनमागच्या ऑइलला लागते. शेवटचे तीन मिलिमीटर ‘अजून चालतील’ म्हणून ताणू नयेत, ते याचसाठी.

काय बदललं, काय नाही

मागच्या दोन्ही डिस्क बदलल्या. उजवी मर्यादेत होती, पण एका अॅक्सलवर एक नवी आणि एक जुनी डिस्क ठेवली तर दोन बाजूंची पकड वेगळी पडते. मागचे चारही पॅड, सेन्सर, दोन्ही बाजूंच्या पिना आणि बूट नवे. सगळं ब्रेक ऑइल नवं. पुढचं काहीही बदललं नाही, फक्त पिना साफ करून ग्रीस केल्या. बिल एस्टिमेटच्या निम्म्याहून बरंच खाली आलं.

कामातली एक गोष्ट नोंदवून ठेवतो. या गाड्यांचा हँडब्रेक इलेक्ट्रिक असतो आणि त्याची मोटर मागच्या कॅलिपरवरच बसवलेली असते. पॅड बदलायच्या आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लावून सर्व्हिस मोडमध्ये ती मोटर मागे घ्यावी लागते. स्कॅनर नाही म्हणून सी-क्लॅम्पने पिस्टन रेटला की आतली गिअरची यंत्रणा तुटते, आणि चार-पाच हजारांच्या पॅडपायी अख्खं कॅलिपर घ्यावं लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजला माझा विरोध नाही, तिथली कितीतरी मुलं हुशार असतात. पण हात लावण्याआधी ‘स्कॅनर आहे का?’ एवढं विचारावं.

नवे पॅड बसल्यावर ड्रायव्हरला मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम दाबाने गाडी हळू करायला लावली, मधे थंड होऊ देत. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो तो असा. हे न करता पहिल्याच दिवशी घाट गाठला की काही जण महिनाभराने ‘ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं’ म्हणून परत येतात.

मग ब्रेक टिकतात तरी किती? सव्वादोन-अडीच टनांच्या ऑटोमॅटिक एसयूव्हीत आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे पॅड तीस ते पन्नास हजारांत बदलायला येतात. हिंजवडी ते खराडी रोज सिग्नल खाणारी गाडी वीस-पंचवीसात येते. द्रुतगती मार्गावरच राहणारी सत्तर हजारांनाही शांत असते. डिस्क सहसा पॅडच्या दोन जोड्यांपुरती. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत मोटरच वेग कमी करते म्हणून पॅड खूप टिकतात, पण वापराअभावी डिस्क गंजते, आणि कोकणात तर जास्तच. मालकांच्या सेडानचे साठ हजार म्हणजे वजन कमी, दिवेआगरचं घर अजून घेतलेलं नव्हतं आणि गाडी ते स्वतः गिअरवर चालवायचे. या तीन गोष्टींची ती बेरीज होती.

गाडी पुन्हा आली तेव्हा मीटरवर ४६,००० होते, म्हणजे मागच्या कामानंतर १८,००० किलोमीटर. मागच्या चारही पॅडवर साडेसात ते पावणेआठ मिलिमीटर, आत-बाहेर सारखंच. जुन्या गतीने झिजली असती तर उजवीकडे सहाच्या आसपास राहिली असती. पुढच्या पॅडची झीज मात्र काही मंदावली नव्हती, कारण वळणाआधीचा तो ठाम दाब त्यांच्याच वाट्याला येतो. ३.४ उरले होते, म्हणजे बदलायची वेळ झाली होती. पुढची डिस्क ३४.८ भरली. मर्यादा ३४.४. कागदोपत्री पास, पण पहिल्या जोडीने डिस्कचा १.२ मिलिमीटर खाल्ला होता, त्यामुळे दुसरी जोडी अर्ध्या वाटेवर असतानाच ती मर्यादेखाली गेली असती. म्हणून या वेळी पुढच्या डिस्कही पॅडबरोबर बदला असं मीच सुचवलं.

मालकांनी बिल बघितलं आणि म्हणाले, ‘म्हणजे सर्व्हिस सेंटर बरोबरच सांगत होतं. तेव्हाच बदलून टाकल्या असत्या तर?’

तेव्हा बदलल्या असत्या तर त्यानंतरही १८,००० किलोमीटर चाललेल्या डिस्क आणि पॅड भंगारात गेले असते, आणि नव्यांचे १८,००० आत्तापर्यंत खर्च झाले असते. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या खेपेला पिना पुन्हा बघून घ्या म्हणाले. पुतणे गणपतीला येणार होते.